लहान झालेला दिवस आणि त्यातले समाधान

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे वय ७८. यजमान गेल्यानंतर मिरजेचे घर बंद करून मुलाकडे पुण्याला आले. फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. मिरजेत रोजचे देऊळ, मंडई, वाचनालय, बारा जणींची भिशी असे सगळे होते. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडले, तेव्हापासून एकटी खाली उतरत नाही. आता माझी खोली, हॉल आणि गॅलरी एवढेच जग उरले आहे. मुलगा आणि सून ज्येष्ठ नागरिक संघात जाण्याचा आग्रह करतात. धाकटी बहीण म्हणते, आता हरी हरी करावे. खरे सांगायचे तर मला रोज वाईट वाटत नाही, पुष्कळदा बरेच वाटते. पण दुपारचे काही तास खायला उठतात. मी समाधानी आहे की मी हात टेकले आहेत, हे कसे ओळखावे?"

सर्वप्रथम, रोज वाईट वाटत नाही याबद्दल मनाला लावून घेण्याचे काहीच कारण नाही. आयुष्याचा परीघ आकसला की माणूस दुःखी व्हायलाच हवा, असा नियम नाही. आणि तसा तो होत नसेल तर त्याने मनाशी काहीतरी खोटे चालवले आहे, असेही मानू नये. मात्र तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. काही गोष्टी तुम्ही आपणहून सोडल्या, काही शरीरामुळे सुटल्या आणि काही तुमच्या काळजीपोटी इतरांनी तुमच्या हातून काढून घेतल्या. यांतल्या पहिल्या प्रकारावर समाधान उभे राहू शकते, उरलेल्या दोहोंवर ते फार काळ टिकत नाही. म्हणून समाधानी आहात की नाही हे ठरवण्याआधी हे गाठोडे सोडून पाहावे लागेल.

मी व्यवसायोपचार, म्हणजे ज्याला सगळे ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, त्या क्षेत्रात काम करते आणि माझे बहुतेक काम वृद्धांच्या घरी जाऊन चालते. भारतात या विद्येचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाताई निंबकर यांनी सुरू केले. माणसाला कोणता आजार आहे याइतकेच तो सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत स्वतःच्या हाताने काय करतो, हे विचारणे हा या विद्येचा गाभा आहे. त्यामुळे माझे उत्तर मनाच्या शिकवणुकीपेक्षा तुमच्या दिवसाच्या मांडणीविषयी अधिक असेल.

माणसांच्या संख्येबद्दल आधी बोलू, कारण तो भाग सोपा आहे. बारा जणींच्या भिशीच्या जागी आता दोघी-तिघींचे फोन उरले असतील, तर त्याला मी उणीव म्हणणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कारस्टेन्सन यांनी १९९० च्या दशकापासून असे दाखवून दिले आहे की, पुढचा काळ मर्यादित आहे याची जाणीव झाली की माणसे ओळखीपाळखीचा पसारा आपणहून कमी करतात आणि जवळच्या मोजक्या माणसांसाठी वेळ राखून ठेवतात. ही छाटणी ज्याची त्याने केलेली असते आणि तिने मन बहुधा हलकेच होते. घरातल्यांना दिसते ते एवढेच की, आई आता कोणाकडे जात नाही. नावापुरत्या ओळखी गळाल्या आणि जिच्याशी मन मोकळे करता येते ती राहिली, हे त्यांना बाहेरून दिसण्यासारखे नसते.

वावराच्या परिघाचे मात्र तसे नाही. तो मोजण्याची एक पद्धत अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात तयार झाली आणि ती मला फार उपयोगी वाटते. एकात एक अशी पाच वर्तुळे कल्पावीत: झोपायची खोली सोडून घरातल्या इतर खोल्या, घराला लागून असलेली गॅलरी, जिना किंवा अंगण, मग आपली गल्ली किंवा सोसायटी, मग त्या पलीकडचे आपलेच शहर, आणि शेवटी परगाव. गेल्या चार आठवड्यांत यांपैकी कोणत्या वर्तुळापर्यंत आपण गेलो, किती वेळा गेलो आणि जाताना काठी किंवा दुसऱ्या माणसाचा हात लागला का, एवढेच त्यात विचारलेले असते. तुमच्या पत्रावरून तुमचा मुक्काम दुसऱ्या वर्तुळात आहे. मी त्यात माझा एक प्रश्न जोडते: पुढच्या प्रत्येक वर्तुळासमोर 'नको वाटते', 'जमत नाही' किंवा 'जाऊ देत नाहीत' यांपैकी एक उत्तर लिहायचे. हे स्वतःच्या हाताने, कागदावर आणि कोणी शेजारी बसलेले नसताना करावे. समोर मुलगा बसला असेल तर 'जाऊ देत नाहीत' हे उत्तर आया सहसा लिहीत नाहीत.

'नको वाटते' हे उत्तर प्रामाणिक असेल तर ते तुमचे आहे, त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. पण ते खरोखर मनाचेच आहे की शरीर मनाच्या नावाने बोलते आहे, हे एकदा तपासून घ्यावे लागते. बी-१२ जीवनसत्त्व कमी असले, थायरॉइड मंदावले असले किंवा रक्त कमी असले तरी माणसाला कशातच उत्साह वाटत नाही आणि घरचे म्हणतात, वय झाले. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ ची कमतरता नेहमी आढळते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी सोडियम उतरते, झोपेच्या गोळ्यांनी सकाळ गुंगीत जाते आणि तोलही बिघडतो. ऐकू कमी येऊ लागले की माणूस चारचौघांत बसणे टाळतो आणि आपल्याला गर्दी आवडत नाही अशी स्वतःचीच समजूत घालतो. मोतीबिंदूचेही तसेच, संध्याकाळी खाली उतरण्याचा कंटाळा पुष्कळदा पायरीची कड न दिसल्यामुळे आलेला असतो. या सगळ्या गोष्टी साध्या तपासण्यांत कळतात आणि बहुतेक दुरुस्त होतात. त्या तपासल्याशिवाय कोणी तुम्हाला अध्यात्म सांगू लागले, तर ते आधी बाजूला ठेवावे.

आता नैराश्याविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. वृद्धांमधील नैराश्य ओळखण्यासाठी १९८० च्या दशकात तयार झालेली एक प्रश्नावली आजही जगभर वापरतात. तिच्या पंधरा प्रश्नांच्या आवृत्तीत, बाहेर पडून नवे काही करण्यापेक्षा घरीच राहणे आपल्याला पसंत आहे का, असा एक प्रश्न आहे आणि 'हो' म्हटले की एक गुण चढतो. एकूण गुण पाचाच्या वर गेले तर पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. म्हणजे घरी राहण्याची आवड हा पंधरांतला फक्त एक धागा झाला. तेवढ्यावरून कोणी तुम्हाला निराश ठरवू शकत नाही. माझ्या अनुभवात फरक चवीवरून कळतो. समाधानी माणसाचा दिवस लहान असतो, पण त्यातल्या गोष्टींना चव असते: पहिल्या आंब्याची वाट पाहिली जाते, नातवाची परीक्षा कधी संपते हे ठाऊक असते, आजचे शब्दकोडे अडले तर चुटपुट लागते. नैराश्यात आंबाही मातीसारखा लागतो. सलग दोन आठवडे कशातच गोडी वाटली नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागेनासा झाला, जेवण उतरले, आपण घरावर ओझे आहोत असे वाटू लागले, तर त्याला म्हातारपण म्हणू नये आणि डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी स्पष्ट सांगावे. पत्रातल्या 'पुष्कळदा बरेच वाटते' या शब्दांवरून तुम्ही त्या वाटेवर आहात असे मला वाटत नाही, तरी वरची खूण लक्षात असू द्यावी.

तुमच्या मनगटाकडे मात्र मला परत यावे लागेल. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडणे हा हाडे ठिसूळ झाल्याचा इशारा असतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी, म्हणजे पुढचा तडाखा खुब्याला बसण्याआधी उपचार सुरू होतील. दुसरे असे की, पडण्याची भीती पडण्याइतकेच नुकसान करते. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांची ताकद जाते आणि ताकद गेली की पडण्याचा धोका खरोखर वाढतो. घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. सरळ पाठीची, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर दुमडावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजावे. जवळ कोणीतरी उभे असावे. ७५ ते ७९ वयाच्या स्त्रियांमध्ये १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद सरासरीखाली आहे आणि पडण्याचा धोका आहे, असे समजतात. ताकदीच्या व तोलाच्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून सिद्ध झालेले आहे. त्यामुळे खाली उतरण्यासमोर तुम्ही 'जमत नाही' लिहिणार असाल, तर ते उत्तर काही महिन्यांत बदलू शकते. जे बदलू शकते त्यावर समाधान मानण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे उत्तर, 'जाऊ देत नाहीत' किंवा 'करू देत नाहीत', हे सर्वांत अवघड, कारण त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. "राहू द्या आई, मी करते" हे वाक्य मी जितक्या घरांत ऐकले आहे तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल. ते प्रेमानेच म्हटलेले असते आणि त्या प्रेमाने वर्षभरात एका माणसाची सगळी कामे संपतात. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगितले गेले की, खोलीची मांडणी, सिनेमाचा दिवस, एका रोपाची निवड आणि त्याची निगा हे सर्व तुम्ही ठरवायचे. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उल्हसित आणि अधिक हिंडती-फिरती आढळली. प्रयोग लहान होता आणि त्यावरून वेदवाक्य काढू नये, पण रोजच्या कामात मला त्याची साक्ष पटत आली आहे. दोन्हीकडे रोप होतेच, फरक पाणी कोणी घालायचे याचा होता.

म्हणून घरात परत मागायचे काम विचारपूर्वक निवडावे. मन रमावे म्हणून दिलेले काम वृद्धांना लगेच ओळखता येते. मेथी निवडायला दिली आणि नंतर कामवाल्या बाईंनी तीच पुन्हा निवडली, हे एकदा नजरेस पडले की त्या मेथीत राम राहत नाही. आपण केले नाही तर ते होणारच नाही, असे काम हवे, मग ते कितीही लहान असो. इस्त्रीचे कपडे मोजून देणे-घेणे, दुधाच्या रतीबाचा आणि पेपरवाल्याचा हिशेब ठेवणे, सगळ्या घराच्या औषधांच्या तारखा पाहणे, रात्री विरजण लावणे. यांतले एखादे पूर्णपणे तुमचे असावे आणि त्यात चूक झाली तर ती निस्तरण्याचा हक्कही तुमचाच असावा. सुनेशी हे बोलताना तक्रारीचा सूर लागू नये म्हणून एवढेच म्हणावे की, हे एक काम माझ्याकडे दे आणि मी हात पुढे केल्याशिवाय मदतीला येऊ नकोस.

हात पूर्वीसारखा चालत नाही, ही अडचण खरी आहे. वृद्धत्वाचा अभ्यास करणारे पॉल आणि मार्गरेट बाल्टेस हे दांपत्य १९९० च्या सुमारास एक सूत्र मांडत असे: मोजके निवडावे, निवडलेल्यावर अधिक मेहनत घ्यावी आणि जे उणे पडते त्यासाठी युक्ती शोधावी. त्यासाठी ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत. ऐंशीच्या घरात ते कमी रचना वाजवत, त्यांचाच सराव अधिक करत आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ ठेवत, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून अधिक वाटे. आपल्याकडेही वयोवृद्ध गवई तानांचा हव्यास सोडून आलापीत रमतात, तेव्हा जाणकार त्याला ऱ्हास म्हणत नाहीत.

माझ्या परिचयातल्या एका शिंपीकाकांचे सांगते. पाय सुजू लागल्याने त्यांचे मशीन सुटले, दुकान मुलाकडे गेले आणि ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. काज-बटणाचे हातकाम त्यांना बसल्या जागी जमण्यासारखे होते, पण सुईत दोरा ओवता येत नव्हता. शेवटी नात शाळेला जाण्यापूर्वी आठ-दहा सुयांत दोरे ओवून, गाठी मारून, त्या चिंध्यांच्या एका गोळ्यात टोचून ठेवू लागली. पांढऱ्या दोऱ्याच्या एका बाजूला, काळ्या-निळ्या दुसऱ्या बाजूला. त्यांना सुई बोटांनी चाचपून घेता येई. दुकानातल्या सदऱ्यांची बटणे आता त्यांच्याकडेच येतात, संध्याकाळपर्यंत गोळा रिकामा होतो, आणि एखाद्या दिवशी नात विसरली तर ते तिला फैलावर घेतात. ते रागावणे मला फार आश्वासक वाटले. सूज आहे तशीच आहे, मशीन परत आलेले नाही.

दुपारच्या तासांबद्दल तुम्ही लिहिले आहे. तीन ते पाच ही वेळ बहुतेक वृद्धांना जड जाते, कारण जेवण झालेले असते, वामकुक्षी संपलेली असते, घर रिकामे असते आणि दिवसातले पुढचे ठरलेले काम एकदम संध्याकाळच्या दिव्याचे असते. या वेळेत मन वळवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा दिवसातले सर्वांत आवडीचे काम तिथे आणून ठेवावे. आपण बहुधा उलटे करतो. आवडीचे ते सकाळीच उरकतो. मिरजेच्या मैत्रिणीचा फोन, पोथी किंवा कादंबरी, स्वतःच्या हाताचा चहा यांपैकी काहीतरी दुपारसाठी राखून ठेवावे. चहा करू देत नसतील तर ओट्याच्या कडेला हाताच्या उंचीवर विजेची किटली ठेवून घ्यावी, ती आपोआप बंद होते म्हणून घरच्यांचीही हरकत राहत नाही. मनगटावर भार नको म्हणून तिच्यात एका कपापुरतेच पाणी घालावे.

गॅलरीत बसत असाल तर बैठकीकडे एकदा पाहा. बहुतेक घरांत तिथे बुटकी प्लास्टिकची खुर्ची असते आणि पाठ थोडी वाकलेली असली की बसल्यावर डोळ्यांसमोर कठड्याची भिंत येते. मग माणूस तासभर सिमेंटकडे पाहत बसतो आणि बाहेर बसूनही कंटाळा येतो अशी तक्रार करतो. हातांची, न हलणारी, थोडी उंच बैठक असलेली खुर्ची ठेवली, पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढे पाहिले, की शाळेची बस, भाजीची गाडी, समोरच्या इमारतीतली वाळवणे असे सगळे दिसू लागते. उंच बैठकीवरून उठताना गुडघ्यांनाही कमी त्रास होतो.

मिरजेच्या घराचे आणि यजमानांचे दुःख या कशाने भरून येणार नाही, आणि ते यावे असे मी सुचवतही नाही. समाधानी माणसाला हळहळ नसते ही समजूत चुकीची आहे. माझ्या पाहण्यातली बहुतेक समाधानी वृद्ध माणसे काही ना काही गमावल्याची हळहळ मनात ठेवूनच नीट जगतात. पण मिरजेला जाणे कायमचे संपले आहे का, हे मात्र विचारावेसे वाटते. राज्यात ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. सोबतीला कोणी घेऊन वर्षातून एकदा पाचव्या वर्तुळापर्यंत जाऊन आलात, तर उरलेले महिने दोन खोल्यांत राहणे निराळे वाटते. निवडून घरी राहणे आणि अडकून राहणे यांत फरक पडतो तो इथे.

बहिणीच्या सल्ल्याविषयी एवढेच म्हणेन की, नामस्मरणात तुम्हाला गोडी असेल तर ते तुमच्या दिवसाचे काम आहे आणि उत्तम काम आहे. पण दुसरे काही सुचत नाही म्हणून कोणी ते तुमच्यावर सोपवत असेल, तर नम्रपणे नाही म्हणावे. ज्येष्ठ नागरिक संघ हा त्याच्या उलट टोकाचा आग्रह आहे. आपल्याकडे या संघांचे जाळे चांगले आहे, त्यांचा फेस्कॉम हा राज्य महासंघ १९८० पासून काम करतो आहे आणि पुष्कळांना त्यांनी एकटेपणातून बाहेर काढले आहे. तरीही सर्वांनी टाळ्या वाजवून हसलेच पाहिजे, असे नाही. पायांचे व्यायाम सुरू करून दोन-तीन महिने झाले की मुलाचा हात धरून एकदा जाऊन यावे, मागच्या रांगेत न बसता दाराजवळच्या खुर्चीत बसावे आणि नाही रुचले तर पुन्हा जाऊ नये. तोपर्यंत जाऊन यायचे ते वाचनालयात. मिरजेत ती सवय होतीच आणि पुण्यात घराजवळ एखादे मिळेल.

पाच वर्तुळांचा तो कागद तारीख घालून जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी दुसरा भरा. 'नको वाटते' हे उत्तर जिथे पूर्वी नव्हते अशा ठिकाणी नव्याने दिसले, तर दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. 'जमत नाही' खोडून तिथे काही वेगळे लिहिता आले, तर तो कागद सुनेला दाखवा.